सोबत जोडली आहे तातांची धून

सान मातेओ यागेरा, १२ ऑगस्ट २००३
विषय: पाकीट पोचलं का

निकान्द्रो,

हे पत्र बँडघरातल्या नव्या कॉम्प्युटरवरून लिहिते आहे. सरकारने दिला. दिला म्हणजे खोक्यासकट दारात आणून ठेवला आणि माणसं निघून गेली. विंडोज आहे त्यात. डोंगरावर ढग नसले की इंटरनेट लागतं. यंदा गावाने मला बँड समितीची चिटणीस केलं आहे. पगार नाही, शिव्या मात्र भरपूर. म्हणून खोलीची किल्ली माझ्याकडे.

गावची पाकिटं नेणारा चेंचो तातांची पानं घेऊन तुमच्या लॉस एंजेलिसला निघाला त्याला बरेच दिवस झाले. मिळाली का ते कळव. तातांचे डोळे आता गेल्यातच जमा आहेत. तरी रोज सकाळी अंगणात मांडीवर फळी घेऊन लिहीत बसायचे, डाव्या हाताच्या बोटाने ओळ चाचपायची आणि उजव्या हाताने स्वर टाकायचा. बँडमास्तर रुतिलिओने ती पानं उलटीसुलटी करून पाहिली आणि म्हणाला, "मास्तर, हे तुम्ही लिहिलंत की तुमच्या कोंबडीने?" ताता म्हणाले, "तुला नाही लागायचं. निकान्द्रो वाचील. माझा लेखनिक आहे तो." तू इतकी वर्षं तिकडे आहेस, पण त्यांच्या लेखी अजून त्यांच्या शेजारच्या स्टुलावरच बसलेला आहेस.

त्यांचं एकच चाललं आहे, ही धून मला एकदा ऐकायची आहे. सान मातेओच्या जत्रेत, एकवीस सप्टेंबरला बँड ती वाजवेल असं मी रुतिलिओला सांगून ठेवलं आहे. तू पानं वाच, छापखान्यातल्या तुझ्या कॉम्प्युटरवर नीट उतरव, प्रत्येक वाद्याचा वेगळा कागद कर आणि मेलला जोडून पाठव. मी इथे छापून घेते. अवघड काय आहे त्यात.

तुझी ताई
एलोइना

*

लॉस एंजेलिस, १७ ऑगस्ट
विषय: क्लॅरिनेट (सोबत फाईल)

ताई,

पाकीट मिळालं. मोले मसाल्याची पुडी वाटेतच फुटली होती, त्यामुळे पहिलं पान वाचू की चाटू असं झालं. ओतिलियाने वास घेतला आणि रडायलाच लागली. बायको माझी, पण गावाची आठवण तिला माझ्यापेक्षा जास्त येते.

ताता एका ओळीवर सुरुवात करतात आणि घसरत घसरत खालच्या ओळीवर जाऊन बसतात. कधी एकाच ओळीवर दोनदा लिहिलं आहे. पण मला लागतं. त्यांचा हात कुठे रेंगाळतो, कुठे चिडतो, सगळं ओळखीचं आहे. लहानपणी चुकीची नक्कल केली की पेन्सिल डोक्यात बसायची, ती जागा अजून दाखवता येईल.

छापखान्यात मॅक कॉम्प्युटर आहे. मालक म्हणतो, लग्नपत्रिका संपव आणि मग हवं ते कर. क्लॅरिनेटचा कागद झाला, सोबत जोडतो आहे. दोन शंका आहेत. वर धुनीचं नाव नाही. आणि गती जिथे लिहिली आहे नेमकं तिथेच मोले सांडलं आहे. मी पळती ठेवली, जत्रेतल्यासारखी. बरोबर ना?

निकान्द्रो

*

यागेरा, १९ ऑगस्ट
विषय: उघडत नाही

निकान्द्रो,

तुझी फाईल आली. उघडत नाही. मी दाबलं की कॉम्प्युटर मलाच विचारतो, कोणत्या प्रोग्रॅमने उघडू. मला माहीत असतं तर त्याला कशाला विचारलं असतं. मागे रुतिलिओ उभा होता. म्हणाला, "त्याला सांग, तुझ्या मनाला येईल त्याने उघड, आमचं काही म्हणणं नाही." तसं बटण सापडलं नाही.

गती पळती नको. हळू ठेव. नावाचं ताता म्हणतात नंतर बघू.

ताई

*

लॉस एंजेलिस, २२ ऑगस्ट
विषय: क्लॅरिनेट, शेपटीसकट

ताई,

चूक माझी. मॅकमध्ये फाईलच्या नावाला शेपूट लागत नाही, तो आतूनच ओळखतो कोण कुणाचं. विंडोजला नावाच्या शेवटी टिंब आणि तीन अक्षरं दिसली नाहीत की तो ओळखच देत नाही, आपल्या गावकचेरीतल्या कारकुनासारखा: आधी आडनाव सांगा, मग बोला. आता शेपूट लावून पाठवतो आहे. ती वाचायचा प्रोग्रॅम फुकट मिळतो, कसा उतरवायचा ते खाली लिहिलं आहे. ढग नसतील तेव्हा कर.

तिसऱ्या पानावर एक स्वर दोन ओळींच्या मधोमध लोंबकळतो आहे. "ला" आहे की "सी", ते तातांना विचार. आणि हळू म्हणजे किती हळू?

निकान्द्रो

*

यागेरा, २५ ऑगस्ट
विषय: हे काय पाठवलंस

निकान्द्रो,

उघडली. छापलीसुद्धा. पानावर पाच रेघा अगदी सरळ आल्या, स्वर मात्र नाहीत. त्यांच्या जागी इंग्रजी अक्षरं. क्यू क्यू क्यू, ई ई, पुन्हा क्यू. आणि प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला ते &, दुकानाच्या पाटीवर दोन भावांच्या नावांमध्ये असतं ते. रुतिलिओने चष्मा लावून पूर्ण पान वाचलं. म्हणाला, "क्लॅरिनेट आहेत माझ्याकडे, तुबा आहे. क्यू नाही. शेजारच्या गावाकडून मागवायचा का?" पोरं हसून हसून आडवी झाली. मला काही हसू आलं नाही. दिवस जात आहेत.

तातांना तुझी शंका वाचून दाखवली. त्यांनी माझ्या गुडघ्यावर बोटांनी ताल धरला आणि म्हणाले, "सोल, ला, ला, सी. आणि सीनंतर थांब म्हणावं त्याला. धावू नको म्हणावं." डोळे मिटून म्हणत होते. आता मिटायची गरज नाही, पण सवय आहे.

बाकीची वाद्यं कधी पाठवतोस?

ताई

*

लॉस एंजेलिस, २९ ऑगस्ट
विषय: ढोल

ताई,

क्यू म्हणजे स्वरच आहे. स्वरांची चित्रं असलेला फॉन्ट माझ्या मॅकमध्ये आहे, तुमच्या विंडोजमध्ये नाही, म्हणून तो बिचारा हाताशी असलेली अक्षरं घालतो. फॉन्टही पाठवीन. ते राहू दे.

आज मोठ्या ढोलाचा कागद करायला घेतला. एक ठोका, मग तीन मात्रा काही नाही. पुन्हा एक ठोका, पुन्हा तीन मात्रा काही नाही. पानभर तेच. तुताऱ्यांच्या तोंडावर कापड बांधायची खूण आहे. तू म्हणतेस हळू ठेव. ताता म्हणतात धावू नको.

असा ढोल मी जत्रेत कधी ऐकला नाही. मी तो एकदाच ऐकला आहे, आईच्या वेळी, जेव्हा तू टेलिफोनच्या खोलीतून रिसीव्हर दाराबाहेर धरला होतास.

ही धून कोणासाठी आहे?

निकान्द्रो

*

यागेरा, ३० ऑगस्ट
विषय: जत्रेसाठीच

निकान्द्रो,

सान मातेओची मूर्ती देवळातून बाहेर काढतात तेव्हा बँड हळूच वाजवतो, विसरलास का? तिकडचं खाऊन तुझी आठवणही पातळ झालेली दिसते. लेखनिकाने लिहावं, चौकशा करू नयेत. तातांनीच तुला शिकवलं आहे ते.

ताता बरे आहेत. काल दोन वाट्या सूप प्यायले. बाकीची वाद्यं पाठव.

ताई

*

लॉस एंजेलिस, ९ सप्टेंबर
विषय: सगळी वाद्यं, एकाच पुडक्यात

ताई,

उत्तराला उशीर झाला, छापखान्यात शाळांच्या वह्यांचं काम होतं. पण आता अजिबात काळजी करू नकोस. सगळी वाद्यं झाली. एकेक पाठवत बसलो तर जत्रा होऊन जायची, म्हणून मॅकवर सगळ्या फायली दाबून एकच पुडकं केलं आहे. ते सोडवायचा वेगळा प्रोग्रॅम असतो. विंडोजसाठीही मिळतो म्हणतात. नाहीच मिळाला तर कळव, दुसऱ्या पद्धतीने बांधतो. पद्धती पुष्कळ आहेत. मॅकची एक जुनी पद्धत तर अशी आहे की फाईलचा पत्रासारखा मजकूरच होऊन जातो. मोठी गमतीची गोष्ट आहे, कधी सवडीने सांगीन.

ताता काय म्हणतात? जेवण जातं ना? इथे ऊन फार आहे.

निकान्द्रो

*

यागेरा, १३ सप्टेंबर
विषय: गंमत पुरे

निकान्द्रो,

पुडकं सोडवायचा प्रोग्रॅम इथल्या इंटरनेटवर उतरायला लागला आणि अर्ध्यावर ढग आले. काल पुन्हा तेच. तुझी जुनी पद्धतही आली, कोणी मागितली नव्हती तरी. पानं आणि पानं भरून अक्षरं, आकडे, टिंबं, उद्गारचिन्हं. कुठेही शब्द नाही. मी ते छापायला लावलं आणि मशीनमधली शाई संपली. आता नवी शाई ओआहाका शहरातून येणार, बस मिळेल तेव्हा.

गावकचेरीत फॅक्स आहे. कागद छाप आणि फॅक्स कर. एवढं साधं आहे. तू छापखान्यात काम करतोस ना रे, की तिथे फक्त ऊन मोजतोस?

ताई

*

यागेरा, २४ सप्टेंबर
विषय: जत्रा झाली

निकान्द्रो,

फॅक्सवर शाई पसरते म्हणालास. पसरू दे म्हटलं तर आणखी एक फाईल पाठवलीस. तीही उघडली नाही. जत्रा होऊन गेली.

ताता त्या दिवशी इस्त्रीचा सदरा घालून बँडघराच्या ओट्यावर बसले होते. प्रत्येक धून सुरू झाली की मान वर करायचे. दोन सूर ऐकायचे, आपली नाही असं कळलं की मान खाली. असं संध्याकाळपर्यंत चाललं. पाहुण्या गावाचा बँड फार छान वाजला असं सगळे म्हणतात. मला आठवत नाही.

मग त्यांनी रुतिलिओला जवळ बोलावलं आणि मी तुझ्यापासून आणि सगळ्या गावापासून लपवलेली गोष्ट त्याला सरळ सांगून टाकली. म्हणाले, "माझी धून आली नाही. जत्रेची नाहीच ती. मला नेताना वाजवायची आहे. पण त्याआधी मला ऐकायची आहे." रुतिलिओचा चेहरा उतरला. म्हणाला, "मास्तर, तुम्ही या ओट्यावर बसलेले असताना माझ्या बँडमधला एक माणूस त्या धुनीला तोंड लावणार नाही. जिवंत माणसासमोर त्याची प्रेतयात्रा वाजवत नाहीत. हे तुम्हीच आम्हाला शिकवलंत." ताता म्हणाले, "हो. चूकच झाली शिकवताना."

तू ऑगस्टमध्ये विचारलंस तेव्हा मी खोटं बोलले. तुला कळलं असतं तर तुझा हात चालला नसता. बँडला कळलं असतं तर त्यांनी कागद हातात घेतला नसता. ताता आता उठून बसत नाहीत फारसे. मी तुझ्या सगळ्या फायली एका सीडीवर घेऊन ओआहाकाला माझ्या मैत्रिणीकडे, हर्लिंदाकडे जाते आहे. तिच्या छापखान्यात मॅक आहे. तिथे तरी उघडतील.

ताई

*

ओआहाका, २९ सप्टेंबर
विषय: (विषय नाही)

निकान्द्रो,

हर्लिंदाकडून लिहिते आहे. सगळ्या फायली उघडल्या. तिच्या मॅकला काहीच जड गेलं नाही.

ऑगस्टमधली क्लॅरिनेट नीट आहे. स्वर आहेत, सुंदर काढले आहेस. मग पुडकं उघडलं. पहिली तुतारी, वर नाव आहे, खाली पाच पाच रेघा. स्वर नाहीत. दुसरी तुतारी, तेच. तुबा, तेच. सगळी वाद्यं, सगळी पानं, नुसत्या रेघा. मी हर्लिंदाला म्हटलं, वाटेत सांडले असतील, दोन मशीनींच्या मध्ये कुठेतरी. तिने पुन्हा एकेक पान उघडून पाहिलं. मग म्हणाली, "एलोइना, वाटेत स्वर सांडत नाहीत. यात कधी नव्हतेच. त्याने कोरी पानं बांधून पाठवली आहेत." आणि म्हणाली की छापखानेवाले एकमेकांना रोज अशी पानं पाठवतात जी कुठल्याही मशीनवर, जशी आहेत तशी उघडतात. तुझ्या भावाला हे माहीत नाही असं होणारच नाही, म्हणाली.

म्हणजे ताता इस्त्रीचा सदरा घालून बसले होते तेव्हा तुला माहीत होतं की काही येणार नाही. मी ढगांना शिव्या दिल्या. मशीनला दिल्या. तू ते सगळं वाचत होतास आणि मला ऊन फार आहे असं लिहीत होतास.

मी खोटं बोलले ते त्यांना धून ऐकायला मिळावी म्हणून. तू कशासाठी?

एलोइना

*

लॉस एंजेलिस, ७ ऑक्टोबर
विषय: कशासाठी

ताई,

पहिल्या दोन वेळी खरंच मशीनचा घोळ होता. शपथ घेतो. मी वैतागलो होतो, रोज काम संपलं की तेच करत बसायचो.

मग ढोलाचं पान आलं. तुझं उत्तर वाचलं आणि कळलं की तू लपवते आहेस. आणि एक गोष्ट लक्षात आली. माझी फाईल उघडत नाही तोवर ताता वाट बघत आहेत. वाट बघत आहेत म्हणजे आहेत. तुझं पत्र यायचं, उघडत नाही म्हणून शिव्या असायच्या, आणि मला झोप लागायची. मग मीच न उघडणाऱ्या फायली करायला लागलो. पण भीती वाटायची की एखादी चुकून उघडेल. म्हणून स्वर काढून टाकले.

मला तिकडे येता येत नाही हे तुला माहीत आहे. इथे राहायचे कागद नाहीत. एकदा बाहेर पडलो की परतीचं दार बंद, आणि आत ओतिलिया आणि मुली. आई गेली ती मी टेलिफोनवर ऐकली. तातांना न्यायची धूनसुद्धा मीच लिहायची, त्याच टेबलावर, लग्नपत्रिकांच्या शेजारी, आणि बटण दाबून पाठवायची. बटण दाबलं की झालं. माझा हात जाईना ताई. जत्रेच्या दिवशी मी कामावर गेलो नाही. गाडीत बसून राहिलो.

मी सगळ्या फायली पुसून टाकल्या आहेत. तातांची पानं मात्र आहेत, उशाशी. तू मला काहीही म्हण.

निकान्द्रो

*

यागेरा, ९ ऑक्टोबर
विषय: पत्रातच लिही

निकान्द्रो,

काहीही म्हणायची मुभा दिलीस, पण मला सवड नाही. ताता आता वाटीभर सूपही घेत नाहीत. तुला वाटतं धून पोचली की ते जातील. अरे वेड्या, ते तसेही जाणार आहेत. ऐकून जातील की न ऐकता, एवढंच तुझ्या हातात आहे. आणि तुला एकट्यालाच दुखतं असं समजू नकोस. तू बटण दाबायला घाबरलास. मी रोज त्यांचा सदरा धुते.

मी रुतिलिओकडे गेले. म्हटलं, वाजवू नका. पण आपल्याकडे वाद्य हातात मिळायच्या आधी प्रत्येकजण स्वर म्हणायला शिकतो. सहा वर्षांचं पोर असो नाहीतर म्हातारा, आधी म्हणायचं, मग फुंकायचं. धडा म्हणजे काही वाजवणं नव्हे. धड्याला आडकाठी आहे का? त्याने डोकं खाजवलं, टोपी काढली, पुन्हा घातली. म्हणाला, "धड्याला कशाची आडकाठी?"

तेव्हा अटॅचमेंट पाठवू नकोस. फॉन्ट नको, पुडकं नको, शेपूट नको. पत्रातच लिही, दो रे मी. दो तुझ्याकडेही दो आणि माझ्याकडेही दो. शाई आली नाही अजून. मी पडद्यावरून हाताने उतरवून घेईन.

ताई

*

लॉस एंजेलिस, ११ ऑक्टोबर
विषय: तातांची धून

ताई,

सार्वजनिक वाचनालयातून लिहितो आहे. इथे विंडोज आहे, पण त्याने काही फरक पडत नाही. रेघ म्हणजे एक मात्रा तोच स्वर धरायचा. शून्य म्हणजे गप्प.

पहिली क्लॅरिनेट
ला - - सी | दो - सी ला | सोल ला ला सी | - - - 0
ला - - सी | दो - रे मी | रे - दो सी | ला - - 0

मोठा ढोल
ठोका 0 0 0 | ठोका 0 0 0 | तसंच शेवटपर्यंत

क्लॅरिनेटच्या पुढच्या ओळी आणि बाकीची वाद्यं खाली आहेत, एकाखाली एक, सगळी. तातांच्या पानांवर आहे तसंच उतरवलं आहे, पुन्हा पुन्हा तपासलं आहे. मागे रांग लागली आहे, लोक खाकरत आहेत.

सगळ्या वाद्यांसाठी सूचना: शेवटच्या ओळीनंतर थांबू नये. पुन्हा पहिल्या ओळीवर जावे.

निकान्द्रो

*

यागेरा, १५ ऑक्टोबर
विषय: धडा

निकान्द्रो,

काल दुपारी धडा झाला. अंगणात आपल्या.

तातांना खुर्चीत बसवून बाहेर आणलं, पांघरूण घालून. अख्खा बँड आला होता, वाद्यं घरी ठेवून. रिकाम्या हातांनी ती माणसं मला कधी एवढी अवघडलेली दिसली नव्हती. कोणी खिशात हात घालत होतं, कोणी शेजाऱ्याच्या खांद्यावर. रुतिलिओने मोठ्याने सांगितलं, "आज नवा धडा आहे. म्हणायचा फक्त." सगळ्यांना ठाऊक होतं काय आहे. तातांनी हात वर केला.

तुला कसं सांगू. तुबावाला एवरार्दो, तो बैलासारखा माणूस, "ला, ला" म्हणत होता अगदी हळू, कोणी झोपलेलं असावं घरात तसा. ढोलवाल्याने मांडीवर एक थाप मारायची आणि तीन मात्रा श्वास धरून बसायचं. सोल ला ला सी आलं आणि सगळे थांबले, जसं ताता म्हणाले होते तसं. कोणी धावलं नाही.

शेवटची ओळ झाली आणि ते पुन्हा पहिल्या ओळीवर गेले. तातांच्या कपाळावर आठी आली. हात तसाच ठेवून, म्हणणं चालू असतानाच म्हणाले, "मी तिथे परत फिरायची खूण केलेली नाही."

रुतिलिओ वाकून म्हणाला, "कागदावर आहे, मास्तर."

"कागद कोणाच्या हातचा?"

"निकान्द्रोच्या."

मला वाटलं आता पेन्सिल मागतात. ते थोडा वेळ ऐकत राहिले. मग म्हणाले, "लेखनिकाने लिहिलं आहे ना, मग तसंच म्हणा."

मास्तरांनी हात खाली घेतल्याशिवाय कोणी थांबत नाही, हा त्यांचाच नियम. त्यांनी हात खाली घेतला नाही. धून संपली की पुन्हा सुरू, संपली की पुन्हा सुरू. सावली भिंतीवर चढली. त्यांचा हात दमला तेव्हा मी खुर्चीशेजारी बसून कोपराखाली माझा तळहात धरला. त्यांनी मला झटकलं नाही. शेवटी त्यांनीच हात खाली घेतला आणि म्हणाले, "चॉकलेट कर गं सगळ्यांसाठी. आणि त्या गाढवाला कळव, पोचली म्हणून."

अर्धी वाटी चॉकलेट ते स्वतःही प्यायले.

ताई

*

यागेरा, ६ नोव्हेंबर
विषय: सोबत फाईल

निकान्द्रो,

फोनवर तुला नीट काही सांगता आलं नाही, मागे बायका रडत होत्या आणि तूही. म्हणून लिहिते.

मृतांचा सण आटपला, आईच्या वेदीवरची फुलं काढून झाली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ताता गेले. सणाला घरी आलेल्या आईबरोबरच त्यांना निघायचं असेल. बँडला काही सांगावं लागलं नाही. सगळ्यांना धून पाठ होती. यावेळी वाद्यांवर वाजवली, तुताऱ्यांना कापड बांधून.

तुला एक सांगायचं आहे. तातांनी धून लिहिली ती घरापासून देवळापर्यंत पुरेल एवढी. चालून चालून त्यांनी मापलं असणार, पण ते डोळे होते तेव्हाचं, पाय होते तेव्हाचं. आपल्याकडे खांदेकरी हळू चालतात. आणि देवळानंतर चढण आहे, पाऊस होऊन गेलेली, निसरडी. तातांनी लिहिलेली शेवटची ओळ संपली तेव्हा आम्ही धड देवळापर्यंतही पोचलो नव्हतो. त्यापुढे त्यांना मुक्यानेच न्यावं लागलं असतं. तुझी खूण होती म्हणून बँड थांबला नाही. दारापासून मातीपर्यंत त्यांची धून त्यांच्याबरोबर होती. वर पोचल्यावर रुतिलिओ माझ्याकडे बघून म्हणाला, "हा हात निकान्द्रोने खाली घ्यायचा होता." मग त्यानेच घेतला.

हर्लिंदा आली होती. तिच्या नवऱ्याने सगळं टेप केलं आणि बँडघरातल्या कॉम्प्युटरवर फाईल करून दिली. ती जोडते आहे. ढग नाहीत आज.

तुझी ताई

*

लॉस एंजेलिस, ८ नोव्हेंबर
विषय: तुझी फाईल

ताई,

फाईल आली. मोठी आहे, उतरायला सकाळ गेली. उघडत नाही. तुमच्या विंडोजने ती आपल्या पद्धतीने बांधली आहे आणि माझा मॅक मलाच विचारतो, कोणत्या प्रोग्रॅमने उघडू.

तू पुन्हा पाठवायच्या भानगडीत पडू नकोस. पडद्यावर ती कोपऱ्यात ठेवली आहे, मला दिसेल अशी. मुलींना दाखवली, म्हटलं यात आजोबा आहेत आणि अख्खं गाव आहे. धाकटीने बोट लावून बघितलं.

छापखान्यातला आर्मान्दो म्हणाला, त्यात काय, माझ्या घरी विंडोज आहे, दोन मिनिटांत उघडून देतो. मी त्याला म्हटलं, दे, पण आज नको.

निकान्द्रो